बंद पेटीचा लहान स्पीकर निवडताना

"खोली लहान आहे, स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावला पाहिजे, आवाज स्वच्छ आणि चपळ असावा, खर्ज घुमू नये, तर कोणता घ्यावा?" अशी विचारणा गेल्या काही वर्षांत माझ्याकडे इतक्या जणांनी केली आहे, आणि तिच्या पाठोपाठ "पेटीला भोक असलेला घ्यावा की बंद पेटीचा?" हा दुसरा प्रश्न इतक्या नेमाने येतो, की प्रत्येकाला सुटे उत्तर देत बसण्यापेक्षा सगळा तपशील एके ठिकाणी मांडावा असे मनाने घेतले. दुकानदार भोकाची पेटी दाखवून "बास बघा, साहेब" म्हणतो, जाणकार मित्र बंद पेटीची शिफारस करतो, आणि दोघांचे म्हणणे ऐकताना खरेच वाटते. ग्राहक मात्र मध्येच अडकतो आणि बहुधा जी जोडी त्या क्षणी मोठ्याने वाजत असेल ती उचलून घरी येतो. ही चूक टाळता येण्यासारखी आहे.

'चपळ' आवाज म्हणजे काय

एक स्पीकर १०० हर्ट्झचा स्वर दुसऱ्यापेक्षा लवकर काढतो असे काही नसते. आपण ज्याला चपळपणा म्हणतो तो मुख्यतः वेळेवर थांबण्याचा गुण आहे. स्वर संपला की वूफरचा पडदाही थांबला पाहिजे आणि पेटीतल्या हवेनेही त्याच्यामागे कुरकुर करीत राहता कामा नये, एवढीच त्यामागील मागणी असते.

एका दुकानाच्या श्रवणकक्षात दोन जोड्या शेजारी शेजारी मांडून मी एकट्या तबल्याचे, मागे सारंगीचा लेहरा असलेले, ध्वनिमुद्रण लावले होते. पहिल्या जोडीच्या पेटीला मागे भोक होते. तिच्यावर डग्ग्याचा प्रत्येक 'घे' भरदार येई, पण त्याच्यामागे घुमाऱ्याची एक शेपटी राही आणि लय दुप्पट झाली की ती शेपटी पुढच्या 'तिरकिट'च्या अंगावर येऊन पडे. बोल वेगळे काढण्यासाठी कानाला कष्ट पडत. दुसऱ्या, बंद पेटीच्या जोडीवर डग्गा थोडा कमी भरदार वाटला हे कबूल केले पाहिजे, परंतु घिस्सा घेताना तळहाताची मनगटाकडची बाजू कातड्यावरून शाईकडे सरकते तेव्हा होणारे घर्षण प्रथमच वेगळे ऐकू आले, आणि 'के'ने दाबलेला डग्गा खरोखर दाबला गेला. त्या दिवशी जे कानाला पटले त्याचे कारण थोडक्यात असे.

बंद पेटीत कोंडलेली हवा पडद्यामागे स्प्रिंगचे काम करते आणि त्याला मूळ जागी परत आणते. भोकाच्या पेटीत, बाजारात जिला 'पोर्ट' म्हणतात त्या नळीतली हवा एका ठरावीक कंपनसंख्येला स्वतः कंप पावून खर्जाला मदत करते. मदत खरी असते, पण तिला सुरू व्हायला आणि थांबायला वेळ लागतो. शिवाय त्या कंपनसंख्येच्या खाली भोकाच्या पेटीचा आवाज सप्तकामागे सुमारे २४ डेसिबलने कोसळतो, तर बंद पेटीचा १२ डेसिबलने, म्हणजे उतार सौम्य असतो. येथे एक ताकीद देणे आवश्यक आहे. काळजीपूर्वक रचलेला पोर्टचा स्पीकर निष्काळजीपणे रचलेल्या बंद पेटीपेक्षा केव्हाही चांगला. लहान पेटीत मोठा वूफर कोंबला की बंद पेटीही घुमते. निर्मात्याने 'क्यूटीसी' हा आकडा दिला असेल तर तो ०.७ च्या आसपास असणे उत्तम, ०.५ कडे आवाज कोरडा व नेमका, १ च्या वर खर्जाला फुगवटा.

बदल्यात काय द्यावे लागते

स्पीकरच्या व्यवसायात एक नियम फार वर्षांपासून प्रचलित आहे, जो जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वीज घेऊन मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच एका वेळी मिळतात. लहान पेटी आपण आधीच मागितली आहे. उरलेल्या दोहोंपैकी एकाचा, आणि बंद पेटीत बहुधा दोहोंचा थोडाथोडा, त्याग करावा लागतो. हे आधी मान्य केले तरच खरेदी समाधानाची होते.

खर्जाचा त्याग किती जाणवेल हे आपण काय ऐकता त्यावर ठरते. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ येतो. लहान बंद पेटी तेथे उतरणीला लागलेली असते, तरीही जवारीतून उठणारे वरचे स्वरांश इतके विपुल असतात की तंबोरा अपुरा वाटत नाही. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भावगीत, सतार, बासरी, आकाशवाणीवरील भाषणे आणि श्रुतिका यांसाठी अशी जोडी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ढोलताशा, अलीकडच्या चित्रपटगीतांतील यांत्रिक ठोका किंवा चर्चमधील ऑर्गन यांसाठी ती एकटी पुरणार नाही. तेथे सबवूफरची तजवीज करावी लागेल.

कमी संवेदनक्षमतेचा हिशेबही आकड्यांत पाहावा. माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून ८४ डेसिबल लिहिले असेल, तर साध्या खोलीत अडीच मीटरवर बसून जोडी ऐकताना एका वॅटला साधारण ८० डेसिबल, १० वॅटला ९० आणि १०० वॅटला १०० डेसिबल पडतील. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जेथे १० वॅट लागतात तेथे याला २५ लागतात. तेव्हा ४० ते ६० वॅटचा, ४ ओहमचा भार सोसणारा ॲम्प्लिफायर घरगुती वापरास पुरतो. पाच-दहा वॅटच्या छोट्या यंत्रावर ही जोडी मंद आणि मलूल वाजेल, आणि दोष मात्र स्पीकरवर येईल.

दुकानात जाण्यापूर्वी घर मोजा

पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. तोंडी सांगितलेली मापे दुकानात विसरली जातात.

- फळीची उंची, रुंदी आणि खोली. मागे तारेच्या जोडणीसाठी चार-पाच सेंटिमीटर जागा धरावी.
- स्पीकरपासून बसण्याच्या जागेचे अंतर.
- बसताना कानाची जमिनीपासून उंची. खुर्चीवर ती साधारण एक मीटर, गादीवर बैठक असेल तर पाऊण मीटरच्या आसपास येते. ट्वीटर त्या पातळीला असावा, नाहीतर स्वच्छपणा निम्मा हरवतो.
- सध्याच्या ॲम्प्लिफायरचे वॅट व किमान ओहम.
- शेजाऱ्याची भिंत कोणत्या बाजूला आहे. सबवूफरचा विचार असेल तर हा मुद्दा सर्वांत आधी.

कोणत्या घराण्याची जोडी

बंद पेटीच्या लहान स्पीकरचा वंश जुना आणि अभिजात आहे. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेत केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून एआर-१ बाजारात आणला, आणि कपाटाएवढ्या पेटीशिवाय खर्ज मिळत नाही ही समजूत कोंडलेल्या हवेच्या स्प्रिंगने मोडून काढली. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा एलएस३/५ए रचला. त्याची कीर्ती मानवी आवाजासाठी आहे. त्याच्या खर्जाच्या वरच्या भागात थोडा उठाव असल्याने लहान पेटीचे उणेपण कानाला टोचत नाही. तिसरा यामाहाचा एनएस-१०, १९७८ चा, पांढऱ्या पडद्याचा. घरगुती म्हणून निघाला पण जगभरच्या ध्वनिमुद्रण कक्षांत स्थिरावला, कारण त्याचा आवाज फार लवकर थांबतो आणि मिश्रणातील चुका लपवीत नाही. परंतु त्याचा वरचा पट्टा इतका तीक्ष्ण, की अनेक ध्वनिमुद्रक ट्वीटरवर पातळ कागद लावीत. चपळ आवाज म्हणजे सुखद आवाज असे आपोआप घडत नाही, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

आज नव्याने घेताना पुढील दिशा आहेत.

- बीबीसी परंपरेतील: हार्बेथ पी३ईएसआर, फाल्कनचा एलएस३/५ए, स्पेंडरचा क्लासिक ४/५. गाणे आणि निवेदन ऐकणाऱ्यांनी येथून सुरुवात करावी. संवेदनक्षमता ८३-८४ डेसिबलच्या घरात.
- स्टुडिओच्या शिस्तीचे: एटीसी एससीएम७. हा अधिक काटेकोर आणि अधिक सशक्त ॲम्प्लिफायर मागणारा. तालवाद्ये ऐकणाऱ्यास मी प्रथम हा ऐकवीन.
- सबवूफरसह वापरावयाचे: एनएचटीचा सुपरझीरो. एकटा तो पातळच वाजतो. ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास सबवूफरला जोडून दिला की उणीव भरून निघते.
- पोर्ट बुजवून: काही निर्माते पोर्टच्या स्पीकरसोबत स्पंजाची बुचे देतात. ती घातल्यास खर्ज कमी होऊन घुमारा पुष्कळ आटोक्यात येतो. पेटी मुळात बंद वापरासाठी रचलेली नसल्याने परिणाम दर वेळी सारखा येत नाही, तरी कमी खर्चाचा आणि केव्हाही मागे घेता येणारा उपाय म्हणून घरी असलेल्या जोडीवर तो आधी जरूर करून पाहावा. मोज्याची घट्ट गुंडाळी केली तरी चाचणीपुरती चालते.

परदेशी असलेल्या मुलाबाळांकडून जोडी मागविण्याचा विचार अनेकांच्या मनात असतो. ज्या स्पीकरला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो त्याला घरातल्या विजेशी कर्तव्य नसते, म्हणून अमेरिकेतून आणला तरी तो येथे बिनतक्रार वाजेल. ज्याच्या पोटातच ॲम्प्लिफायर आहे तो १२० व्होल्टचा असल्यास आपल्या २३० व्होल्टवर लावताच जळेल, तेव्हा मागील पट्टीवरील मजकूर वाचल्यावाचून तो खोक्यात भरू देऊ नये. दोन्ही प्रकारांत तिकडची हमी इकडे लागू असेलच असे नाही. ते लेखी विचारावे.

बंद पेटी खरोखर बंद आहे का

मागे भोक नाही एवढ्यावरून पेटी बंद ठरत नाही. भोक पुढे, तळाशी किंवा एखाद्या अरुंद फटीच्या रूपात असू शकते. काही पेट्यांत भोकाऐवजी लोहचुंबक नसलेला दुसरा पडदा बसविलेला असतो, तोही भोकाचेच काम करतो. माहितीपत्रकात 'सील्ड' किंवा 'अकूस्टिक सस्पेन्शन' हे शब्द शोधावेत. विक्रेत्याची परवानगी घेऊन वूफरचा पडदा मधल्या टोपीच्या कडेशी दोन्ही अंगठ्यांनी अगदी हलका, सरळ आत दाबून सोडावा: हवाबंद पेटीत तो विरोध करतो आणि सावकाश परत येतो. टोपीवर दाब देऊ नये. ट्वीटरच्या घुमटाला तर बोटही लावू नये.

ऐकण्याची रीत

१. ध्वनिमुद्रणे आपली न्यावीत, कानाला पाठ असलेली. एक गाण्याचे, एक एकट्या तबल्याचे, एक साध्या बोलण्याचे.

२. दोन जोड्यांची पातळी मोबाईलवरील डेसिबलमापकाने सारखी करावी. एकदोन डेसिबलने मोठी जोडी प्रत्येकाला सरस वाटते. श्रवणकक्षात होणाऱ्या गैरसमजांपैकी सर्वाधिक या एका कारणाने होतात, म्हणून हे न करता दिलेला निर्णय मी विचारात घेत नाही.

३. ॲम्प्लिफायरवरील बास, ट्रेबल आणि 'लाउडनेस' शून्यावर ठेवावेत.

४. डग्ग्याचा घुमारा कोठे संपतो ते ऐकावे. बोलणाऱ्याचा आवाज छातीतून येतो की पिंपातून, तेही ऐकावे.

५. हळू आवाजात पुन्हा ऐकावे. घरी रात्री दहानंतर आपण तसेच ऐकणार असता.

६. निदान अर्धा तास बसावे. पहिल्या पाच मिनिटांत झळाळणारा वरचा पट्टा विसाव्या मिनिटाला डोके धरायला लावतो.

जुनी जोडी घेताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर जुन्या जोड्या आणि त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर आजही भेटतात, आणि मर्यादित ऐपतीच्या श्रोत्याला बंद पेटीचा उत्तम आवाज मिळण्याचा तो खरा मार्ग आहे. धोके मात्र ठरलेले आहेत. पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांनी भुगा होऊन गळते. रबराची कड टिकते. फोमची कड नवी बसविता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. पेटीच्या तळाचे कोपरे पावसाळी ओलीने फुगले असतील तर सांधे सुटून हवा गळते, आणि मग ती पेटी नावापुरती बंद राहते.

माझा एक अनुभव येथे नमूद करतो. एकाने 'जोडी' म्हणून विकलेले दोन स्पीकर मी घरी आणून लावले, तर गायिकेचा आवाज मध्यभागी उभा राहीना. तो कधी डावीकडे पसरे, कधी भिंतीत विरून जाई. मागील पट्ट्या वाचल्यावर दिसले की दोहोंचे अनुक्रमांक एकमेकांपासून कितीतरी दूर होते, आणि एक उघडला तेव्हा दुरुस्तीच्या वेळी त्याच्या ट्वीटरची तार उलट जोडलेली सापडली. तार सरळ करताच गायिका जागेवर आली. विक्रेत्याने हात वर केले, कारण कागदावर अनुक्रमांक लिहून घेण्याचे मला सुचले नव्हते. म्हणून जुन्या जोडीवर एकाच मायक्रोफोनचे बोलणे लावून ते बरोबर मध्ये येते का, ते विकत घेण्यापूर्वी पाहावे.

घरी मांडणी

मागे भोक नसल्याने बंद पेटी भिंतीजवळ किंवा पुस्तकांमध्ये ठेवता येते, हा तिचा लहान घरातला मोठा फायदा. भिंतीचा आधार मिळून तिचा ओसरता खर्ज थोडा सावरतोही. स्पीकरचा पुढचा चेहरा फळीच्या कडेशी आणावा, आत ढकलून ठेवू नये. खाली रबराचे तुकडे द्यावेत. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा त्रिकोण जमेल तितका समभुज ठेवावा. खोलीच्या अगदी कोपऱ्यात मात्र बंद पेटीही घुमू लागते.

बिल, हमी आणि आपले हक्क

सर्वांत महत्त्वाचा भेद प्रथम सांगतो. "आवाज आवडला नाही" हा कायद्याने दोष नव्हे. त्यासाठी परतीची मुदत आणि अट खरेदीपूर्वीच बिलावर लिहून घ्यावी. सदोष मालाची गोष्ट निराळी.

- विकलेल्या मालाचे बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मॉडेल आणि दोन्ही स्पीकरचे अनुक्रमांक असावेत. दुकानात वाजविण्यासाठी ठेवलेली जोडी घेत असल्यास तसा स्पष्ट उल्लेख आणि त्या प्रमाणात सवलत मागावी.
- सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे.
- आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. आयातदाराचे नाव नसलेल्या जोडीची हमी कोण देणार, हे विचारावे.
- ऑनलाइन खरेदीत तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण देणे बंधनकारक आहे.
- दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

जोडी घरी आली की खोके आणि आतील थर्माकोल परतीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावे, पहिल्याच संध्याकाळी एका मायक्रोफोनचे बोलणे लावून मध्यभाग तपासावा, दोन्ही वूफर दाबून त्यांचा विरोध सारखा आहे का पाहावे, आणि मग तीच तीन ध्वनिमुद्रणे, जी दुकानात नेली होती, त्याच हळू आवाजात, आपल्या नेहमीच्या जागी बसून पुन्हा ऐकावीत. काही खटकले तर त्याच दिवशी, तारीख घालून, दुकानदाराला लेखी कळवावे.